सोफ्यावरचा जगदीश : मंडळाच्या कार्यकारिणीस आणि युवा समितीस खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी व युवा समिती,
आपले मराठी मंडळ

स.न.वि.वि.

परवाच्या मेलमधून कळलं की ऑगस्टमधली 'कॉलेज कॉमेडी नाइट' रद्द झाली. कारण एका ओळीत दिलं आहे : काही पालकांच्या भावना लक्षात घेऊन. त्याऐवजी लहान मुलांचा एक ॲनिमेशनपट दाखवणार आहात आणि सोबत पावभाजी. पावभाजीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ज्या पालकांच्या भावना लक्षात घेतल्या त्यांत मी नव्हते. तरीही त्या दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर जे झालं ते मीही वाचत होते. 'संस्कार', 'नंगानाच' आणि 'आपली मुलं' हे तीन शब्द इतक्या वेळा आले की शेवटी मी फोन उलटा ठेवून दिला. आपली मुलं म्हणजे कोण? अठरा पूर्ण झालेली, दोन आठवड्यांनी डॉर्मवर राहायला जाणारी. या सिनेमांत जे आहे ते त्यांना तिथे तिकीट न काढता बघायला मिळणार आहे.

युवा समितीने तीन सिनेमे निवडले होते : १९७८ चा 'ॲनिमल हाऊस', १९८४ चा 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स' आणि २००२ चा 'व्हॅन वाइल्डर'. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन कॉलेजात फ्रॅटर्निटी नावाचा प्रकार असतो. ग्रीक अक्षरांचं नाव, फक्त मुलग्यांचं सभासदत्व, स्वतःचं घर, स्वतःची गुपितं, आणि नव्या मुलांना घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क जुन्या मुलांना. आपल्यासारखंच मंडळ, फक्त गणपती नाही आणि बिअर आहे. या घरांवरचे सिनेमे म्हणजे दारू, उलट्या, उघडी अंगं, डीनची फजिती. ते अश्लील आहेत का? आहेत. मुद्दाम आहेत.

पण अश्लीलतेचं कारण आपण मराठी माणसांनी पुढे करावं, हे जरा गमतीचंच. ज्या पिढीने हे मेसेज टाकले तिच्यातल्या अर्ध्यांनी तरी दादा कोंडक्यांचे सिनेमे तोंडावर रुमाल धरून पाहिलेत. माझे वडील नाशिकला मला घेऊन गेले होते आणि मध्यंतरात म्हणाले, "तुला कळतंय तेवढ्यावरच हस." आमच्या वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर काय काय बोलतो ते काय संस्कार-वर्गात शिकवतात? आचरटपणा आपल्याला नवा नाही. नाडी लोंबणारी अर्धी चड्डी घालून, तोंडाचा आ करून उभा असलेला गावंढळ गडी तिथे होता, पण तो नायक होता. हसू त्याच्यापासून सुरू व्हायचं आणि शहाण्यासुरत्या, इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसावर जाऊन आदळायचं. शेवटी जिंकायचा तोच. हे लक्षात ठेवून आता या तीन सिनेमांकडे या.

'ॲनिमल हाऊस'च्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. साल १९६२, फेबर नावाचं काल्पनिक कॉलेज. लॅरी आणि केंट ही दोन नवी मुलं ओमेगा घराच्या पार्टीला जातात. ओमेगा म्हणजे श्रीमंत, नेटकी, गोरी मुलं. दारात छातीवर नावाची चिठ्ठी लावतात, हसून हात मिळवतात, आणि या दोघांना गोड बोलत बोलत कोपऱ्यातल्या सोफ्याकडे नेतात. तिथे चौघं आधीच बसवलेले आहेत. ओळख करून दिली जाते : मोहम्मद, जगदीश, सिडनी आणि क्लेटन. नको असलेल्यांचा कोपरा. केंट उठून इतरांत मिसळायला जातो, तर त्याला पुन्हा त्याच सोफ्यापाशी आणून पुन्हा त्याच चौघांशी ओळख करून देतात.

प्रसंग उत्तम लिहिलाय. थट्टा त्या चौघांची नाही, ओमेगांची आहे. 'आम्ही भेदभाव करत नाही, बसा ना, सरबत घ्या' असं म्हणत माणसाला कोपऱ्यात कसं सारतात, ते एवढ्या कमी वेळात दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला आठवत नाही. इथे आलेल्या पहिल्या काही वर्षांत ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत मी तो सोफा पाहिला आहे. आमच्या सोफ्यावर एक चिनी अकाउंटंट असायची आणि एक व्हीलचेअरवरचे गृहस्थ. आम्ही तिघं हवामानावर बोलायचो.

पण पुढे काय होतं बघा. लॅरी आणि केंट सोफ्यावरून उठतात, शेजारच्या डेल्टा घरात जातात, आणि ते मोडकं, घाणेरडं घर त्यांना आपलंसं करतं. सगळा सिनेमा तिथून पुढे त्यांचा. जगदीश मात्र सोफ्यावरच राहतो. डेल्टाची मुलं स्वतःला हाकललेल्यांची टोळी म्हणवतात, पण त्या टोळीत सोफ्यावरच्या चौघांपैकी एकही नाही. ओमेगांनी त्याला कोपऱ्यात बसवलं, डेल्टांनी त्याला बोलावलंच नाही, आणि लेखकांना त्याच्याकडून एक हशा हवा होता तो मिळाला.

सिनेमाच्या शेवटी प्रत्येकाचं पुढे काय झालं याच्या पाट्या येतात. ० पूर्णांक ० गुण मिळवून कॉलेजातून हाकललेला डेल्टांचा ब्लूटो (जॉन बेलुशी) अमेरिकेचा सिनेटर होतो. ऑटर बेव्हर्ली हिल्समध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ. हूव्हर बाल्टिमोरमध्ये सरकारी बचाव वकील. खलनायकांनाही पाट्या आहेत. जगदीशला नाही.

मी ती लिहिली आहे. 'जगदीश : पीएच.डी., १९६६. इमिग्रेशन कायदा १९६५ साली बदलल्यामुळे ग्रीन कार्ड. तीन बेडरूमचं घर, तळघरात कॅरम. मराठी मंडळाचा संस्थापक खजिनदार.' हसू नका. आपल्या मंडळाच्या जुन्या फोटोत मागच्या रांगेत जाड फ्रेमचा चष्मा घातलेले जे काका उभे आहेत ना, ते त्याच सुमाराला शिकायला आले. त्या वेळी भारतातून वर्षाला शंभर माणसांना कायम राहायची परवानगी होती. आम्ही नंतर आलेल्यांनी त्यांच्या खांद्यावर पाय ठेवून घरं घेतली. सिनेमावाल्यांना पाटी सुचली नसेल, पण निदान आपल्याला ती माहीत असायला हवी होती. असो.

याच सिनेमात डेल्टांच्या टोगा पार्टीत, म्हणजे रोमन लोकांसारख्या चादरी गुंडाळून केलेल्या पार्टीत, 'ओटिस डे अँड द नाइट्स' हा कृष्णवर्णीयांचा बँड वाजतो. बासवर जो तरुण उभा आहे तो रॉबर्ट क्रे. ओरेगनमध्ये युजीनला शूटिंग झालं तेव्हा तो तिथे वाजवणारा, फारसं कुणाला ठाऊक नसलेला गडी होता. पुढे ब्लूजमध्ये मोठं नाव झालं, ग्रॅमी मिळाले. पुढचं माहीत असताना तो प्रसंग बघणं विचित्र वाटतं. मागे उभा राहून तो निमूट बास वाजवतो आहे आणि पुढे चादरी गुंडाळलेली गोरी मुलं जमिनीवर लोळताहेत. नंतर तीच मुलं चार मुलींना घेऊन त्याच बँडला ऐकायला एका क्लबात शिरतात, जिथे सगळं गिऱ्हाईक कृष्णवर्णीय आहे. आत गेल्या गेल्या 'ओटिस, यार!' अशी हाक. सगळे वळून बघतात. काही वेळाने टेबलाशी धिप्पाड माणसं येऊन उभी राहतात आणि मुलींबरोबर नाचायची परवानगी मागतात. आपले शूर नायक मुलींना तिथेच टाकून पळतात.

या प्रसंगावर स्टुडिओतही धाकधूक होती. दिग्दर्शक जॉन लँडिस सांगतो की तेव्हा कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायरला सिनेमा दाखवून विचारलं आणि त्याने हरकत घेतली नाही. मलाही तो प्रसंग निम्मा आवडतो. ज्याच्या गाण्यावर आपण काल घरात नाचलो त्याच्या घरात गेल्यावर आपलीच गाळण उडते, यात थट्टा नायकांची आहे. पण ती धिप्पाड माणसं बघून प्रेक्षकानेही घाबरायचंच असतं, त्याशिवाय विनोद चालत नाही. आणि भर रात्री पायी घरी जाणाऱ्या त्या मुली? त्यांच्यावरही विनोदच.

सुमारे ३० लाख डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने एकट्या अमेरिकेत १४ कोटींच्या आसपास कमावले. त्यामुळे साचा पक्का झाला. ज्याला प्रवेश नाही तो नायक, पण प्रवेश नसलेल्यांतही कोण नायक होणार हे आधीच ठरलेलं.

'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स'मध्ये तर हे फार उघड आहे, आणि म्हणूनच तो दाखवायला हवा असं माझं मत आहे. चष्मेवाल्या, हुशार मुलांना खेळाडूंची फ्रॅटर्निटी हाकलते. तिच्याशी लढायला त्यांना स्वतःची फ्रॅटर्निटी हवी. सगळीकडे अर्ज करतात, होकाराची शक्यता उरते ती फक्त 'लॅम्डा लॅम्डा लॅम्डा'कडे. आणि ती कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय संघटना निघते. इथे हशा.

थोडं थांबा. कृष्णवर्णीयांना स्वतःच्या फ्रॅटर्निटी का काढाव्या लागल्या? पहिली आंतरमहाविद्यालयीन, 'अल्फा फाय अल्फा', १९०६ साली कॉर्नेलमध्ये सुरू झाली, कारण मोजक्या कृष्णवर्णीय मुलांना तिथे ना राहायला धड जागा होती, ना अभ्यासाला सोबत. ज्यांना खरोखर सोफ्यावरसुद्धा बसू दिलं नाही त्यांनी बांधलेलं घर ते. सिनेमात त्या घराचं काम काय? चष्मेवाल्या गोऱ्या मुलांना नाव उसनं द्यायचं, आणि शेवटी ती मुलं मार खायच्या बेतात असताना सूटबूट घातलेल्या उंच माणसांनी येऊन त्यांच्यामागे उभं राहायचं. मग नायक भाषण करणार. सन्मानाची लढाई त्यांची, त्यावरचं नाव याचं.

त्या घरात लमार नावाचा मुलगा आहे, कृष्णवर्णीय आणि समलिंगी. १९८४ साली असं पात्र नायकांच्या टोळीत असणं लहान गोष्ट नव्हती, हे कबूल. टोळी त्याला चिडवत नाही, त्याच्याबरोबर नाचते. पण भालाफेकीच्या शर्यतीत त्याच्या 'नाजूक' मनगटाला साजेल असा लवचीक भाला त्याच्यासाठी मुद्दाम बनवतात. माणूस घेतला, पण त्याचा तेवढा एकच गुण उपयोगाचा. आणि ताकाशी हा जपानी मुलगा : इंग्रजी मोडकं, पत्त्यांत हरतो. ते काम करणारा ब्रायन टोची लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला. त्याला इंग्रजी मोडायला शिकावं लागलं असणार.

मुलींचं तर विचारूच नका. मुलींच्या घरात चोरून कॅमेरे. एकीचा उघडा फोटो गोड पदार्थाच्या ताटलीत तळाशी चिकटवून तो पदार्थ विकतात, आणि तो जिंकण्याचा डावपेच. नायक मुखवटा घालून तिचा प्रियकर असल्याचं भासवून तिच्याशी संग करतो. मुखवटा उतरल्यावर ती खूश होते! याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात हे आपल्या मंडळातल्या तीन वकिलांपैकी कुणीही सांगेल. रद्द करा म्हणणाऱ्या एकाही मेसेजमध्ये या प्रसंगाचं नाव नव्हतं. आक्षेप उघड्या छातीवर होता, मुखवट्यावर नव्हता. तिथे मला खरं वाईट वाटलं.

आता 'व्हॅन वाइल्डर'. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात आपला मुलगा आहे.

'आपला' म्हणजे काल पेन. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला १९७७ साली जन्मलेला कल्पेन मोदी. सिनेमात तो ताज महल बदलंदाबाद. भारतातून आलेला एक्स्चेंज स्टुडंट, गोऱ्या नायकाचा हरकाम्या. हे नाव कुणीतरी टेबलाभोवती बसून ठरवलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. त्याचं काम एवढंच : नायकाची डायरी सांभाळायची, बिचकत बोलायचं आणि एका तरी अमेरिकन मुलीबरोबर झोपायला मिळावं म्हणून झुरायचं. बोलायचं अर्थातच 'तसं'. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाने. २०१७ साली काल पेनने त्याच्या पहिल्या काही वर्षांतल्या ऑडिशनची पानं लोकांसमोर टाकली. त्यांत गांधींसारखा दिसणारा माणूस होता, गारुडी होता. ती पानं वाचल्यावर ताज त्यातल्या त्यात बरी भूमिका वाटते, हीच त्यातली पंचाईत.

२००६ साली पुढचा भाग निघाला आणि ताजला नायक केलं. पण त्यासाठी त्याला इंग्लंडला पाठवावं लागलं! अमेरिकन कॉलेजात तो सहायकच.

आता एक घरची गोष्ट. धाकट्याने परवानगी दिली आहे, म्हणूनच सांगते.

तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना रशच्या, म्हणजे फ्रॅटर्निटी नवी मुलं निवडतात त्या आठवड्यात, एका घरी गेला. कुठलं कॉलेज, कुठलं घर, ते जाऊ दे. दारातच एकाने त्याला 'ताज' म्हणून हाक मारली. सिनेमा तोवर जुना झाला होता, पण नाव मात्र चलनात होतं. आत कुणीतरी म्हणालं, ते बोलून दाखव ना, इंडियन ॲक्सेंट. माझा मुलगा इथेच जन्मला. त्याला ॲक्सेंट कुठून येणार? त्याला एकच माहीत होता. त्याने माझा केला.

इन्शुरन्सवाल्याला फोनवर मी आडनावाचं स्पेलिंग सांगते ते त्याने करून दाखवलं. 'डी फॉर दिल्ली, ए फॉर आंबा, नो नो, ॲपल, एन फॉर नाशिक.' म्हणे सगळी खोली आडवी झाली. 'अगेन, अगेन' करत चार वेळा करायला लावलं. त्याच आठवड्यात त्याला होकार आला. पुढची दोन वर्षं त्या घरात त्याचं नाव 'नाशिक' होतं.

हे त्याने मला सात वर्षांनी सांगितलं. मी मेथी निवडत होते. तो समोर बसून देठं मोडत होता आणि म्हणाला, "आई, ते चांगले होते गं. मी त्यांना आवडायचो." मी म्हटलं, "हो, पण तू चार वेळा केलंस." तो म्हणाला, "पाचव्यांदा मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं." मग बराच वेळ आम्ही दोघांनी ती जुडी संपवली. मला राग आला होता का? आला होता, पण कुणावर ते अजून नक्की सांगता येत नाही. ॲक्सेंट हुबेहूब होता, हे मात्र खरं.

त्याच बोलण्यात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला त्या ॲक्सेंटपेक्षा जास्त लागली. पार्टीनंतर सगळ्यांना गाडीने सोडणारा तो असायचा. दर वेळी. "मी फारसा प्यायचोच नाही. पोलीस आले तर त्यांचं 'मुलं आहेत, चालायचंच' होतं. माझं काय झालं असतं माहीत नव्हतं." एकाने शेजाऱ्याच्या कुंपणावर गाडी घातली होती, तो आता म्हणे कुठल्याशा बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. ब्लूटोची पाटी आठवली मला.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. या सिनेमांत किती तपकिरी चेहरे आहेत ते मोजत बसू नका. पडद्यावर गाढवपणा करून माफी कुणाला मिळते ते बघा. या प्रकारात नायक म्हणजे ज्याचं सगळं पोटात घातलं जातं तो. ताजला, ताकाशीला, लमारला जागा मिळते ती उपयोगी पडल्याबद्दल. ब्लूटोला कशाहीबद्दल नाही; तो नुसता असतो, वाटेल ते फोडतो आणि सिनेटर होतो. नुसतं असण्याची ती जागा सोफ्यावरच्या मुलाला मिळाली की मी म्हणेन प्रतिनिधित्व मिळालं.

मिळालीच नाही असं नाही. १९८८ साली स्पाइक लीने 'स्कूल डेज' केला. तो स्वतः अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचा. कृष्णवर्णीयांचं कॉलेज, त्यांचीच फ्रॅटर्निटी, त्यांचीच गाणी, त्यांचाच मूर्खपणा. घरची धुणी चव्हाट्यावर आणतो म्हणून मोरहाउसने शूटिंग मध्येच बंद पाडलं, तरी त्याने ते दुसरीकडे पुरं केलं. त्यात उजळ कातडीच्या, सरळ केसांच्या मुली आणि काळ्या, कुरळ्या केसांच्या मुली यांची ब्यूटी पार्लरमधली एक गाण्यातली जुगलबंदी आहे. ज्या समाजाच्या लग्नाच्या जाहिरातीत अजून 'गोरी' हा शब्द जागा भाडं देऊन बसतो, त्याने ती दोनदा पाहावी. आणि फ्रॅटर्निटीचा म्होरक्या आपल्याच मैत्रिणीला नव्या पोराकडे पाठवतो, तो प्रसंग ली विनोदात घालवत नाही. बघवत नाही असाच ठेवतो.

आणि दुसरा, २००४ चा 'हॅरल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल'. फ्रॅटर्निटीचा नाही, पण त्याच घाणीतला. गांजा ओढून भूक लागलेली दोन मुलं, एक कोरियन वंशाचा, एक भारतीय वंशाचा, रात्रभर बर्गर शोधत न्यू जर्सी पालथी घालतात. कुमार म्हणजे पुन्हा काल पेनच. या वेळी ॲक्सेंट नाही. मेडिकलच्या मुलाखती मुद्दाम बिघडवणारा, डॉक्टर बापाला वात आणणारा. इतका वाया गेलेला भारतीय मुलगा अमेरिकन पडद्यावर पाहून मला भरून आलं होतं. नवरा म्हणाला, यात रडण्यासारखं काय आहे? पाच वर्षांनी तोच काल पेन ओबामांच्या व्हाइट हाऊसमध्ये नोकरीला गेला. ही पाटी मात्र खरी आहे.

यावर युवा समितीतून कुणीतरी म्हणेल, काकू, आता सगळं बदललंय. थोडंसं, हो. पण २०१३ साली अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलीला माजी सभासद स्त्रियांच्या दबावामुळे मुलींच्या अशाच घरांत घेतलं नाही, हे तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने छापलं. २०१५ साली ओक्लाहोमात बसमध्ये सूट घालून बसलेली फ्रॅटर्निटीची मुलं कृष्णवर्णीयांविरुद्ध काय गात होती ते सगळ्या देशाने ऐकलं. त्याच वर्षी डार्टमथने 'अल्फा डेल्टा'ची मान्यता काढली, नव्या मुलांच्या अंगावर डाग दिल्याबद्दल. 'ॲनिमल हाऊस' ज्या घरावरून लिहिला ते हेच घर. लेखकांपैकी ख्रिस मिलर तिथला. पडद्यावरचं ते घर अजूनही आपलं लाडकं.

आणि आपली मुलं सोफ्यावर बसून राहिली नाहीत, तीही उठली. 'सिग्मा बीटा ऱ्हो' १९९६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात निघाली, दक्षिण आशियाई मुलांची. चांगलं झालं. पण घर नवं बांधलं म्हणून त्यातल्या रीतीही नव्या निघतात असं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाला आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या पोरांनी पोकोनोजच्या डोंगरात नेलं, डोळे बांधले, पाठीवर वाळूची पिशवी दिली आणि एकामागून एक त्याच्या अंगावर धावून गेले. त्या विधीचं नाव होतं 'ग्लास सीलिंग'. आशियाई माणसाला या देशात किती सोसावं लागतं याची आठवण म्हणून. मुलगा गेला. हा विषय आपल्या कॉमेडी नाइटला कुणी काढला असता तर तो मला पावभाजीपेक्षा आवडला असता.

आणखी एक, आणि हे बोलायला मलाच जड जातंय. गेल्या गणपतीत आपण जी नाटुकली केली, तिच्यातली कामवाली कशी बोलत होती? 'न' चा 'ण' केला की टाळी, 'ण' चा 'न' केला की टाळी. आणि शेजारचा चिनी म्हातारा, डोळे बोटांनी ओढून? तिसऱ्या रांगेत बसून मी हसले. व्हिडिओत माझा आवाज आहे, मोठा. लेखक मंडळाचे, नट मंडळाचे, आणि प्रेक्षकांत एक चिनी सून बसली होती. ती हसली का ते व्हिडिओत दिसत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. कार्यक्रम रद्द करू नका. अठराच्या खालच्यांना दाराशी अडवा, त्याला हरकत नाही. तीन सिनेमे एका रात्री होणार नाहीत, तो बेत मुळातच कच्चा होता. 'ॲनिमल हाऊस' दाखवा, तो सोफ्याचा प्रसंग झाला की थांबवा आणि मुलांना विचारा, या चौघांचं पुढे काय झालं असेल. प्रत्येकाला एक कोरी पाटी द्या. नंतर उरलेला सिनेमा बघू दे, हसू दे पोट धरून. बेलुशीचं तोंड बघून हसू न येणं शक्यच नाही. 'रिव्हेंज'मधला फक्त मुखवट्याचा प्रसंग दाखवा आणि त्या वेळी वकील मंडळींपैकी कुणीतरी हजर असावं. 'व्हॅन वाइल्डर'ऐवजी 'हॅरल्ड अँड कुमार'.

ज्या पालकांना हे पटत नसेल त्यांनीही यावं. बाहेरच्या हॉलमध्ये चहा असेलच.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक आजीव सदस्य (मूळ नाशिक)

ता.क. 'स्कूल डेज'ची डीव्हीडी माझ्याकडे आहे, पण मंडळाच्या प्लेअरवर मागच्या वेळी ती अडकली होती, तेव्हा प्लेअर मीच आणीन. बटाटेवडेही आणीन, साठ. धाकटा त्या शनिवारी मोकळा आहे. येतो म्हणालाय, पण स्पेलिंग करून दाखवणार नाही.